अनुराधपूरची रांग आणि एक पडलेलं पान

सहलीची तारीख मी ठरवली, आणि ती ठरवताना फक्त विमानाचं भाडं बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं नाही. ते आमच्या ह्यांनी बघितलं, तिकिटं काढून झाल्यावर, सकाळचा चहा पिता पिता.

"वटपौर्णिमेच्या दिवशी थेट देशाबाहेर," ते म्हणाले. "सात जन्म नको असतील तर तोंडी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. एवढा खर्च कशाला?"

नारायण पेठेत अशा बोलण्याला प्रेम म्हणतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. पण वसुधाने घेतलं. वसुधा खडकवासल्याच्या रस्त्याला राहते आणि लग्न झाल्यापासून तिचा वडाचा एकही फेरा चुकलेला नाही. तिने फोनवर मला दहा मिनिटं सुनावलं. मग मी रत्नाला फोन केला, तर ती आनंदाने ओरडलीच. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला श्रीलंकेत पोसोन असतो, म्हणजे धम्म त्या बेटावर पोहोचला तो दिवस, आणि सगळा देश त्या दिवशी पांढरे कपडे घालून अनुराधपूरला लोटतो. "शुभा, तू हे मुद्दाम केलंस ना?" तिने विचारलं. मी खोटं बोलले नाही, पण नाही असंही म्हणाले नाही.

तर आम्ही तिघी. एका सरकारी कचेरीत चोवीस वर्षं एका टेबलाभोवती बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकाच वर्षी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर नवऱ्यांना घरी ठेवून एकदा परदेशी जायचं हे आमचं जुनं ठरलेलं. देश कुठला, यावर दोन वर्षं वाद झाला आणि तो रत्नाच्या आईंनी मिटवला. आई आता ऐंशीला टेकलेल्या, मूळच्या अमरावतीकडच्या. छप्पन साली वडिलांचं बोट धरून त्या नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचं त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं, पण गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि विश्रांतवाडीतल्या घराच्या दोन पायऱ्या उतरणंही अवघड झालं. त्यांनी आम्हाला एकच काम सांगितलं होतं: त्या झाडाचं एक पान. तोडलेलं नको, आपोआप पडलेलं. बाकी तुम्ही काहीही बघा, काहीही खा.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून कोलंबो. तिथून गाडीने चार तासांवर दांबुल्ला, आणि तिथे मुक्काम ठेवला की अनुराधपूर दीड तासावर येतं. रस्ते उत्तम. इतके उत्तम की पहिला तासभर वसुधा फक्त खड्डा शोधत होती. आपल्या एका रुपयाला तिकडचे साडेतीनच्या आसपास मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं महाग वाटतं आणि दुसऱ्या दिवशी स्वस्त. ड्रायव्हर आम्ही पाहुणेघराच्या मालकाकडूनच ठरवला. त्याचं नाव निघालं सुनील. "एवढा समुद्र ओलांडून आलो," वसुधा म्हणाली, "आणि ड्रायव्हर सुनीलच." हा सुनील पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, इंग्रजी चांगलं बोलणारा. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. आदल्या दिवशीच सुनीलने बजावलं होतं, पांढरे कपडे घाला, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि पायमोजे घ्या, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि वाळू तापते. रत्नाची पांढरी साडी इस्त्री करून तयारच होती. मी पांढरा पंजाबी ड्रेस घातला. वसुधाची मात्र पंचाईत झाली. वटपौर्णिमेला पांढरी साडी तिच्या सासूबाईंनी पाहिली असती तर काय झालं असतं, याचं वर्णन तिने गाडीत बसेपर्यंत केलं. शेवटी तिने पांढऱ्या साडीवर डझनभर हिरव्या बांगड्या घातल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता कुणी काही म्हणू देत." शिवाय तिचा उपास. पाहुणेघराच्या बाईंनी आमच्यासाठी नारळाच्या दुधातला भात थापून त्याच्या वड्या पाडल्या होत्या, किरिबात म्हणतात त्याला. सोबत लाल मिरचीची चटणी. आम्ही दोघींनी तीन-तीन वड्या खाल्ल्या. वसुधाने एक केळं खाल्लं आणि आमच्याकडे बघितलं नाही.

अनुराधपूरच्या दोन मैल अलीकडेच गाडी थांबवावी लागली. पुढे फक्त माणसं. पांढऱ्या कपड्यांतली, चालणारी, बसलेली, झाडाखाली चटई टाकून झोपलेली, हातात कमळं घेतलेली माणसं. आणि आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे एवढ्या गर्दीत किमान चार भोंगे आणि एक हरवलेला मुलगा असतो. इथे लोक हळू बोलत होते, म्हातारी माणसं मध्येच टेकत होती, आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मला तर ती गर्दी मनापासून आवडली. शिस्त म्हणजे माझा जीव की प्राण.

वाटेत रुवनवेलीसायचा स्तूप लागतो. पांढराशुभ्र, एवढा मोठा की मान पूर्ण वर केल्याशिवाय कळस दिसत नाही. रत्ना त्याच्यासमोर उभी राहिली आणि नुसती हसत राहिली. चोवीस वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी फोटो काढायला गेले, तर सुनीलने हळूच सांगितलं की बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. मग रत्नाचा पाठमोरा फोटो काढला. तोच सगळ्यात छान आला. तिथून सुनील गाडीकडे परतला.

बोधिवृक्षाच्या आवारात शिरताना तपासणी होते, आणि परदेशी लोकांना वेगळं तिकीट आहे, ते आधीच विचारून घ्या. झाड वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत. खरं सांगायचं तर झाड बघून मी जरा चकित झाले. मला वाटलं होतं अवाढव्य असेल. आहे बारीकसंच, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. दोन हजारांहून जास्त वर्षांचं म्हातारपण, काठ्या टेकून उभं. खाली पांढऱ्या वाळूत शेकडो माणसं बसलेली, आणि बहुतेकांची नजर वर. सगळे पानाचीच वाट बघत होते. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या माना एकदम वर व्हायच्या.

वर चौथऱ्याकडे जायला दोरी बांधून रांग केली होती. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पाऊण तास झाला. पायमोजे घालूनही तळवे भाजत होते. वसुधा पोटातल्या केळ्याला दोष देत होती. आमच्यापुढे साधारण वीस माणसं उरली असतील, तेव्हा वारा आला.

पान आलं. खरंच आलं. वरून गिरक्या घेत, कठड्यावरून घसरून, आमच्या उजव्या हाताला दोरीच्या पलीकडे दोन हातांवर वाळूत पडलं. तिथे त्या क्षणी कुणीही नव्हतं. रत्नाने ते पाहिलं. तिने दोरीखालून वाकायला सुरुवात केली.

आणि मी तिचं मनगट पकडलं. "रांग सोडू नकोस, नंबर जाईल!"

हे मी का केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. विचार करून केलंच नाही. दूधकेंद्रावर, बँकेत, रेशनच्या दुकानात, साठ वर्षं जे वाक्य तोंडात बसलं होतं ते आपोआप बाहेर पडलं. रत्ना थबकली. तेवढ्यात कडेवर बाळ असलेली एक तरुण मुलगी आली, तिने पान उचललं, बाळाच्या कपाळाला लावलं, स्वतःच्या कपाळाला लावलं आणि गेली. तिच्यावर रागावणंसुद्धा शक्य नव्हतं.

"असू दे गं," रत्ना म्हणाली.

वर गेलो, कमळं वाहिली, दोन मिनिटांत स्वयंसेवकांनी नम्रपणे पुढे सरकवलं. त्यानंतर दोन तास आम्ही वाळूत बसलो. सात-आठ पानं पडली, सगळी दुसऱ्यांच्या नशिबात. दुपारी सुनीलचा फोन आला की आता निघालो नाही तर रस्ते बंद होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला कोलंबो गाठायचं होतं, म्हणजे पुन्हा येणं नाही. निघालो.

गाडीपर्यंतचे दोन मैल मी दोघींच्या मागून चालले, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती गंभीर आहे. मला एकच आठवत होतं. कचेरीत रत्नाची बढती दोनदा मागे पडली होती, तिच्यानंतर लागलेल्या माणसांच्या मागे. ती साहेबांकडे जाऊन विचारणार होती. तेव्हाही मीच म्हटलं होतं, थांब, रांगेने येईल. मी तिची मैत्रीण म्हणून म्हटलं होतं. मनगट मी तेव्हाही पकडलंच होतं, फक्त आज ते डोळ्यांनी दिसलं.

"रत्ना, माझी चूक झाली," मी गाडीत म्हटलं.

"झालीच," ती म्हणाली. मग साडीवरची वाळू झटकत, "आता आईला काय सांगायचं ते सुचव. तुझं डोकं त्यात चालतं."

परतीच्या वाटेवर अर्ध्या तासाने एका गावात पिवळे झेंडे घेतलेल्या आठ-दहा लोकांनी रस्त्यात उभं राहून गाडी अडवली. मी पर्स छातीशी धरली. "वर्गणी," वसुधा म्हणाली. सुनील हसायला लागला. "दानसल आहे. खायला बोलावतायत."

पौर्णिमेला तिथली गावं मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. ओळख लागत नाही. गाड्या अडवून अडवून आग्रह करतात. आम्ही पुण्याच्या. आमच्याकडे पाहुण्याला दारातच "जेवूनच आला असाल ना?" असं विचारतात, आणि पाहुण्यानेही हो म्हणायचं असतं. मी खिडकीतून दोन्ही हात हलवत, कुणी विचारलंही नसताना सांगितलं, "नको, नको, आम्ही जेवून आलोय!" लोक हसले आणि त्यांनी दार उघडलं. उतरल्यावर मी सुनीलला हळूच विचारलं, "ताटाचे किती?"

"असं विचारू नका," तो म्हणाला. "त्यांना वाईट वाटेल."

"फुकट म्हणजे अगदी फुकट? नंतर काही?"

"नंतर दुसऱ्यांदा वाढतील."

मांडवात मोठमोठ्या पातेल्यांतून उकडलेला कंद वाढत होते, वर ओलं खोबरं. वसुधा लांबूनच नाक मुरडून, उपास म्हणून उभी होती. सुनीलने तिला सांगितलं की ज्यापासून साबुदाणा करतात तो हाच कंद. तिने अर्धा मिनिट विचार केला. "साबुदाणा चालतो, तर त्याच्या बापाने काय घोडं मारलंय?" म्हणाली आणि तिने दोनदा वाढून घेतलं. मऊ, गरम, किंचित गोडसर, आणि खोबरं नुकतं खवलेलं. सकाळपासूनच्या त्या एका केळ्यानंतर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वाढपाची सूत्रं एका म्हाताऱ्या बाईंकडे होती. सगळे त्यांना आच्ची म्हणत होते, म्हणजे आजी. बुटक्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला, हुकूम सोडायची पक्की सवय. मी अर्थातच कंदाच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले होते. आच्ची आल्या, माझं मनगट धरलं आणि मला रांगेतून सरळ ओढून काढून खुर्चीवर बसवलं. सुनीलने भाषांतर केलं: लांबून आलेल्यांना रांग नसते.

मांडवामागे गावातला विहार होता आणि विहारात पिंपळ. चांगला थोराड, पारावर पणत्या, फांद्यांखाली रंगीत कापडी पताका. लोक पाण्याच्या कळशा घेऊन झाडाभोवती फिरत होते. वसुधाने पर्समध्ये हात घातला आणि सुताचं गुंडाळं काढलं.

"वसुधा!" मी म्हटलं. "अगं, तो पिंपळ आहे."

"दिसतंय मला. वड इथे कुठे शोधू?" म्हणाली. "सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते." आणि सात फेरे घालायला निघालीसुद्धा. मी रत्नाकडे बघितलं. ती या असल्या गोष्टी मानत नाही, आणि तिने ते कधी लपवलेलंही नाही. पण तिला हसू आवरत नव्हतं. "घालू दे. नवरा चांगला आहे तिचा," ती म्हणाली.

मला वाटलं होतं आता कुणीतरी ओरडणार. तर तिसऱ्या फेऱ्याला आच्ची वसुधासमोर आल्या आणि त्यांनी आपला हात पुढे केला. त्यांच्यामागे आणखी दोघी, हात पुढे. वसुधा घाबरून थांबली.

"अगं बांध," रत्ना म्हणाली. "आमच्याकडे परित्राण पाठ झाला की भंते असाच दोरा बांधतात मनगटाला. त्यांना तोच वाटतोय."

आणि अशा रीतीने आमची वसुधा वटपौर्णिमेच्या दिवशी, पांढऱ्या साडीत, श्रीलंकेतल्या एका विहारात तेरा बायकांच्या मनगटांना सूत बांधत बसली. सुरुवातीला ती लाजली. पाचव्या बाईनंतर ती आशीर्वादही द्यायला लागली.

रत्ना पारापाशी गेली, हात जोडून वंदना म्हणायला लागली. अगदी हळू, स्वतःपुरती. दुसऱ्या ओळीला आच्चींनी मान वळवली. तिसऱ्या ओळीपासून त्या रत्नाबरोबर म्हणू लागल्या. तीच पाली, तेच शब्द, फक्त चाल थोडी निराळी. या दोघींना एकमेकींच्या भाषेतलं पाणीसुद्धा मागता आलं नसतं, पण शेवटपर्यंत एकही शब्द इकडेतिकडे झाला नाही. म्हणून झाल्यावर आजूबाजूचे सगळे "साधू, साधू" म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

सुनीलने आच्चींना आमच्या पानाची गोष्ट सांगितली. माझ्या रांगेसकट. आच्चींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या. सुनीलने त्याचं भाषांतर करायचं टाळलं. मग म्हणाला, "त्या म्हणतात, हे झाडही त्या मोठ्या झाडाच्या रोपातलंच. इथे बसा. घाई करू नका."

तोवर माझ्या द्रोणातला कंद संपला होता, आणि यावेळी मी आच्चींची नजर चुकवून पुन्हा रांगेत उभी राहिले होते. सवय जात नाही. द्रोण नुकताच भरून मिळाला होता, आणि वारा सुटला. पाराच्या पलीकडच्या बाजूला, रत्नाच्या पाठीमागे, एक पान निघालं. ती दुसरीकडेच बघत होती.

मी धावले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली, साठ वर्षांची मी, रांग मोडून, दोन माणसांना धक्का देऊन, "रत्ना, मागे! पान! पान!" असं मराठीत ओरडत धावले. द्रोण उडाला. कंद सुनीलच्या पांढऱ्या शर्टावर. रत्ना वळली, पान तिच्या पायापाशी येऊन पडलं, आणि तिने ते उचललं. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मी धाप टाकत पारावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा धक्का दिलेल्या दोन माणसांची हात जोडून माफी मागितली. त्यातल्या एकाने मला नवा द्रोण आणून दिला.

परतीच्या विमानात वसुधाचा सल्ला असा होता: "आईंना सांगायचं कशाला? पिंपळाचं पान ते पिंपळाचं पान. त्यांना आनंद मिळतोय ना?" मलाही ते पटत होतं. पान रत्नाच्या वंदनेच्या पुस्तकात होतं आणि पुस्तक मांडीवर.

पुण्यात उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि वसुधा विश्रांतवाडीला गेलो; पान आम्ही आल्यावरच द्यायचं असं रत्नाने ठरवलं होतं. वसुधा आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून रत्नाच्या हाताखाली काहीतरी चिरत होती, बोलायची वेळ टाळायला. आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. रत्ना बाहेर आली, पुस्तक उघडून तिने पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे केलं.

"पडेल हाय ना? तोडेल त नाही?"

"पडलेलं आहे, आई," रत्ना म्हणाली. मग श्वास घेऊन, "पण मोठ्या झाडाचं नाही. तिथे नाही मिळालं. वाटेतल्या एका विहारातलं आहे."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. रांग, मनगट, माझं वाक्य. बढतीचंही बोलले, मध्येच, कुणी विचारलं नसताना. आणि मग धावण्याचं. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् ते मोठं झाड तरी कोठचं होय?" त्या म्हणाल्या. "गयेच्या झाडाची फांदीच त होय. ते गयेचं लेकरू, अन् हे त्याचं लेकरू." पान गालाला लावलं. "मले नातू भेटला."

मग माझ्याकडे वळून, "अन् तू खरंच धावली? या गुडघ्यांनं?"

"धावले."

"लोकायले धक्का देऊन?"

"दोघांना."

आई हसायला लागल्या, इतक्या की रत्नाला त्यांची उशी सरळ करावी लागली.

जाऊन आल्यापासून मी घरी एक सुधारणा केली आहे. आलेल्या माणसाला चहा घेणार का असं विचारत नाही, आधी ठेवते. ह्यांनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पण सहलीचं खरं जे उरलं, ते विश्रांतवाडीच्या त्या खोलीतच. रत्ना पुन्हा आत गेली होती. आम्ही निघायला उठलो, मी सवयीने म्हटलं, "जेवण राहू दे, आम्ही जेवूनच आलोय," तेव्हा आईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली:

"रत्ना, ताटं घे वं. अन् हिले पयले वाढ. लय वर्षं रांगेत उभी हाय बिचारी."